खंडानंतर पुन्हा उपकेंद्रात: एएनएम-जीएनएम सिस्टरांनी परतण्याची तयारी कोणत्या क्रमाने करावी

भरतीचे दिवस आले की मला फोन येतात. सुरुवात बहुतेक एकसारखीच असते: "ताई, जाहिरात निघालीय, आठ दिवस राहिलेत, काय वाचू?" विचारणारी एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) किंवा जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसाविका अभ्यासक्रम झालेली) असते. मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नवऱ्याची बदली झाली, अशा कुठल्या तरी कारणाने पाच-दहा वर्षं काम सुटलेलं असतं. मी उलट विचारते, "रजिस्ट्रेशन चालू आहे का?" आणि पलीकडे शांतता पसरते.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांत ४५० तास काम झालेलं नसेल, तर परतणाऱ्या नर्ससाठी ठरलेला अभ्यासक्रम किंवा परीक्षा असते. आपल्याकडे असा बांधलेला रस्ता नाही. नोंदणीसाठी परिषदेकडे जायचं, सराव मिळेल तिथे करायचा आणि अभ्यास आपला आपण. म्हणूनच क्रम चुकतो: बायका आधी अर्ज भरतात, मग पुस्तक उघडतात आणि शेवटी कागद शोधतात. मी स्वतः २०१५ मध्ये काम सोडलं आणि २०२३ मध्ये परतले. खाली लिहिलंय त्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

हातात किमान चार महिने धरा. सहा मिळाले तर उत्तम.

टप्पा १: नोंदणी

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. प्रमाणपत्र कपाटात आहे म्हणजे नोंदणी चालू आहे असं नाही. त्यावरची मुदत वाचा. संपली असेल तर इथूनच सुरुवात करा, बाकी सगळं नंतर.

१. आपली नोंदणी कोणत्या वर्गात आहे ते पाहा. एएनएमची नोंदणी वेगळी. जीएनएम झालेल्यांची परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंद असते, त्या दोन्ही नोंदींची मुदत तपासा.

२. मधल्या काळात किती सीएनईचे (निरंतर परिचर्या शिक्षणाचे) तास कमी पडतात ते परिषदेकडे विचारा. भारतीय परिचर्या परिषदेचा हिशोब पाच वर्षांत १५० तासांचा आहे. तुमच्या खंडाला नेमका कोणता नियम लागतो, विलंब शुल्क किती, हे राज्य परिषदच सांगेल. मैत्रिणीला काय सांगितलं होतं त्यावर विसंबू नका. तिचा खंड वेगळा, वर्ष वेगळं.

३. तास भरण्यासाठी कार्यशाळा निवडण्याआधी तिला परिषदेची मान्यता आहे का ते पाहा.

४. परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी हा ओळख क्रमांक नसेल तर तोही काढून घ्या. तो आधारशी जोडलेला असतो, त्यामुळे आधारवरचं नाव आणि मोबाइल क्रमांक आधी दुरुस्त करा.

५. मूळ नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल, उदाहरणार्थ गोव्यात शिकून नोंदणी झाली आणि लग्नानंतर सिंधुदुर्गात आलात, तर आधीच्या परिषदेचं ना-हरकत घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते. दोन कार्यालयांमधला हा पत्रव्यवहार वेळखाऊ असतो. चार महिन्यांतला मोठा भाग यातच जाईल असं समजून चाला.

थांबा: मोबाइलवरच्या फुकट अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं ढीगभर जमवून ती सगळी क्रेडिटमध्ये धरली जातील असं गृहीत धरू नका. ओपनडब्ल्यूएचओवरचे (जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑनलाइन मंचावरचे) धडे चांगले आहेत, ज्ञानासाठी जरूर करा. पण तास भरायला मान्यता असलेलीच कार्यशाळा लागते.

थांबा, दुसऱ्यांदा: नोंदणी बंद असताना "जरा हात मोकळा व्हावा" म्हणून ओळखीच्या दवाखान्यात इंजेक्शनं देऊ नका. काही विपरीत घडलं तर तुमच्या बाजूने एकही कागद नसेल.

टप्पा २: नावाचा घोळ आणि बाकीचे कागद

दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, नोंदणीवर माहेरचंच, आधारवर सासरचं, बँकेत सासरचं पण वडिलांच्या नावाचं आद्याक्षर राहिलेलं. ही आपल्याकडची नेहमीची गत. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हे दोन कागद जवळ असले की बहुतेक प्रश्न सुटतात. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तो जाहिरात निघायच्या आधीच करून ठेवायचा.

नंतर हे जमवा: जन्मतारखेचा पुरावा, प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, अधिवास, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, एमएस-सीआयटी, जुन्या नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र. नॉन-क्रीमीलेअरला मुदत असते, जुनं चालत नाही. अनुभव प्रमाणपत्रात पदाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख स्पष्ट हवी. "समाधानकारक काम केले" एवढंच लिहिलेला कागद गुणांकनात उपयोगी पडत नाही. जिथे काम केलं ती संस्था बंद पडली असेल, तर नियुक्तीपत्र आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे काढून ठेवा.

सरकारी पदासाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही लागतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल, तर तो अडसर आहे. हे शेवटच्या दिवशी कळून रडत परत गेलेली बाई मी पाहिली आहे.

तपासा: सगळ्या कागदांवरचं नाव एकाखाली एक लिहून काढा. एका अक्षराचाही फरक असेल तर त्याला जोडणारा कागद तुमच्या फाइलमध्ये आहे का?

टप्पा ३: स्वतःचं शरीर

हा टप्पा लहान आहे, तरी वगळू नका. हिपॅटायटीस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांच्या अंतराने असतात, म्हणजे आज सुरू केले तर सहा महिने लागतील. पूर्वी घेतले असतील तर प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. स्वतःचं हिमोग्लोबिन आणि बीपी तपासा. चष्म्याचा नंबर तपासा: चाळिशी लागली असेल तर ०.१ मिलीची खूण आणि कुपीवरची बारीक तारीख दिसत नाही, आणि बायका ते कबूल करत नाहीत.

टप्पा ४: जुनं पाठांतर मोडणं

आपण काय विसरलोय याची सगळ्यांना भीती असते. विसरलेल्या गोष्टीपाशी आपण आपोआप थांबतो, कुणाला तरी विचारतो. खरी चूक होते ती पक्क्या पाठ असलेल्या आणि दरम्यान बदललेल्या गोष्टींत, कारण तिथे हात थांबतच नाही.

माझंच सांगते. परतल्यावर दुसऱ्याच सत्रात नऊ महिन्यांचं बाळ आलं. माझ्या डोक्यात "नऊ महिने म्हणजे गोवर आणि अ जीवनसत्त्व" हे इतकं घट्ट बसलेलं की एमआर (गोवर-रुबेलाची लस) दिली, ड्रॉप पाजला आणि कार्ड बंद केलं. पीसीव्हीचा (न्यूमोनियाच्या लशीचा) बूस्टर राहिला, एफआयपीव्हीचा (त्वचेत द्यायच्या पोलिओच्या लशीचा) तिसरा डोस राहिला. संध्याकाळी टॅली (दिलेल्या डोसांचा हिशोब) जुळवताना आशाताईंनी पकडलं. दुसऱ्या दिवशी त्या आईला पुन्हा बोलवावं लागलं, आणि तिने जे ऐकवलं ते तिचं बरोबर होतं.

म्हणून ही पद्धत वापरा. एक वही घ्या, पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला पुस्तक न उघडता तुम्हाला आठवतं ते लिहा: कोणती लस, कधी, किती, कुठे. गरोदर बाईला कोणती गोळी, किती ताकदीची. क्षयाचं औषध कसं द्यायचं. सगळं लिहून झाल्यावरच आताचं वेळापत्रक उघडून उजवी बाजू भरा. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत तिथे लाल खूण करा. तुमचा अभ्यास म्हणजे त्या लाल खुणा. अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर दहाव्या पानाला झोप येईल.

२०१५ च्या सुमारास काम सोडलेल्यांच्या वहीत या खुणा हमखास येतात:

- टीटी (धनुर्वाताची लस) गेली, टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची) आली. गरोदरपणात लवकरात लवकर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत गरोदरपणात दोन डोस झालेले असतील तर फक्त बूस्टर. मुलांना १० आणि १६ व्या वर्षी टीडीच.
- गोवरच्या जागी एमआर. महाराष्ट्रात ही मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.
- पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) ६, १० आणि १४ आठवड्यांना, ०.५ मिली, डाव्या मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला. डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) आता बूस्टरपुरती उरली आहे: १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षं.
- रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस) त्याच तीन वेळांना, तोंडाने. मात्रा कुठल्या बनावटीची लस आली आहे त्यावर ठरते, म्हणून पाठ करू नका. दर वेळी कुपी वाचा.
- पीसीव्ही ६ आणि १४ आठवडे, बूस्टर ९ महिन्यांना, ०.५ मिली, उजव्या मांडीत.
- एफआयपीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना उजव्या दंडात, जानेवारी २०२३ पासून तिसरा डोस ९ महिन्यांना डाव्या दंडात. प्रत्येक वेळी ०.१ मिली, त्वचेत.
- लोहाची गोळी. पूर्वी १०० मिलिग्रॅम लोहाची होती. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारतपासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईची लाल, किशोरींची निळी, शाळकरी लहान मुलांची गुलाबी. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.
- गरोदरपणातील मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पोट रिकामं असो वा भरलेलं, दोन तासांनी तपासणी. १४० किंवा जास्त आलं तर पुढे पाठवायचं. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.
- क्षयाची औषधं आठवड्यातून तीनदा द्यायची पद्धत गेली. २०१७ पासून रोज, वजनाप्रमाणे. कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये बदललं, त्यामुळे मुलाखतीत जुनं नाव तोंडातून निघालं की समोरच्याला तुमच्या खंडाची लांबी लगेच कळते.
- उपकेंद्राची पाटी आता आयुष्मान आरोग्य मंदिराची आहे आणि बऱ्याच ठिकाणी तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी, साखर आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी हे रोजचं काम झालंय. पूर्वी आपलं विश्व माता-बाल एवढंच होतं.

तपासा: उशिरा आलेल्या बाळाचं गणित घाला. चार महिन्यांचं बाळ, जन्मानंतर काहीच दिलेलं नाही, आज काय काय द्याल? बीसीजी एक वर्षापर्यंत चालते. जन्मावेळची हिपॅटायटीस बी २४ तासांत आणि शून्य पोलिओ १५ दिवसांत द्यायचा असतो, ते दोन्ही आता गेले. बाकीचं सहा आठवड्यांच्या डोसापासून सुरू. हे वहीत न बघता सांगता आलं तरच पुढच्या टप्प्यावर या. आणि एखाद्या मुलाचे मधले डोस चुकले असतील तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलं तिथून पुढे.

टप्पा ५: हात

सराव कुठे करायचा, हा सगळ्यांचा प्रश्न. तीन जागा आहेत. तुमची जुनी प्रशिक्षण संस्था किंवा जवळचं नर्सिंग कॉलेज: प्राचार्यांना लेखी विनंती करा, स्किल लॅब मोकळी असते त्या वेळेत बऱ्याचदा परवानगी मिळते. दुसरी जागा प्राथमिक आरोग्य केंद्र: वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज देऊन सत्रं पाहण्याची परवानगी मागा. तिसरी, नोंदणी चालू झाल्यावर एखाद्या रुग्णालयात दोन-तीन महिने स्टाफ म्हणून काम. पगार कमी असला तरी हात तिथेच सुटतो, आणि ताजं अनुभव प्रमाणपत्र मिळतं ते वेगळंच.

काय घोटायचं, त्याचा माझा क्रम असा:

१. त्वचेतलं इंजेक्शन. सगळ्यात आधी हेच, कारण हाच हात सगळ्यात आधी जातो. सुई जवळजवळ आडवी, तिरकस तोंड वर, औषध जाताना हाताला अडथळा जाणवला पाहिजे आणि संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठला पाहिजे. सहज गेलं तर समजा त्वचेखाली गेलं. बीसीजी डाव्या दंडात. एक महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, पुढे ०.१.

२. बीपी, कानाने ऐकून. डिजिटल यंत्राची बॅटरी नेमकी पाड्यावर संपते. बाईला पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर. १४०/९० आलं तर पुन्हा मोजा, तरीही तेवढंच असेल तर लघवीत अल्ब्युमिन पाहा आणि डॉक्टरांना कळवा.

३. पोट तपासणं. आधी लघवी करून यायला सांगा. स्वतःचे हात चोळून गरम करा. गर्भाशयाची उंची, बाळाची पाठ कुठे, डोकं कुठे, मग ठोके पूर्ण एक मिनिट.

४. श्वास मोजणं. तेही पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद.

५. न रडणारं नवजात. बॅग आणि मास्क पुतळ्यावर इतक्या वेळा करा की पहिल्या मिनिटात हात आपोआप वळेल. तुमच्या केंद्रात बाळंतपणं होत नसली तरी रिक्षात होतात.

६. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणं. बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री, मिनिटभरात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. नसेल तर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने.

थांबा: सुईला टोपण पुन्हा लावायची जुनी सवय अनेकींच्या बोटांत आहे. ती पुतळ्यावरच मोडा. वापरलेली सुई थेट हब कटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात). टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. लाजेने लपवून ठेवण्यात हेच तास जातात.

टप्पा ६: एक लसीकरण सत्र, सकाळपासून संध्याकाळपर्यंत

परतलेल्या सिस्टरची परीक्षा इथे होते. नोकरी लागायच्या आधी किमान चार सत्रं बाजूला बसून पूर्ण पाहा. "मी अकरा वाजता येते" असं नाही. सकाळी लस निघते तिथपासून रिकामा कॅरिअर (लस नेण्याचा थंड डबा) परत जातो तिथपर्यंत.

निघण्यापूर्वी. आईस पॅक फ्रीझरमधून काढून तसेच कॅरिअरमध्ये टाकू नका. बाहेर ठेवा, पृष्ठभागावर घाम येऊ द्या, कानाशी हलवून आत पाण्याचा खळखळ आवाज येतो का ऐका. मगच चार पॅक आत. हे न करणं ही परतलेल्यांची पहिली चूक, कारण आपल्याला "लस जितकी थंड तितकी चांगली" असं वाटतं. पेंटा, टीडी, पीसीव्ही, हिपॅटायटीस बी या लशी गोठल्या की बाद होतात. प्रत्येक कुपीवरचं व्हीव्हीएम (उष्णता लागली की रंग बदलणारी खूण) पाहा: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. बीसीजी आणि एमआर, प्रत्येकीचं स्वतःचं विद्रावक (लस ज्यात मिसळायची तो द्रव) मोजून घ्या. दोन्हींची अदलाबदल कधीही चालत नाही, आणि विद्रावकही लशीइतकंच थंड हवं.

सत्रात. ड्यू लिस्ट (कुणाला कोणता डोस द्यायचा त्याची यादी) आशाताईंकडून आधी घ्या. बाळ मांडीवर आल्यावर चार गोष्टी विचारा: आज ताप किंवा आजार आहे का, मागच्या वेळी काही त्रास झाला का, कार्ड कुठे आहे, पुढे गावाला जाणार आहात का. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुढचा डोस कुठल्या जिल्ह्यात होणार ते त्यावरच ठरतं. साधा सर्दी-खोकला हे लस टाळायचं कारण नाही.

बीसीजी किंवा एमआर पाण्यात मिसळली की लगेच कुपीवर वेळ लिहा. चार तासांनंतर ती कुपी वापरायची नाही, भरलेली दिसली तरी. या लशींत जंतुरोधक नसतं. उरलेल्या कुपीत जंतू वाढले तर बाळ काही तासांत दगावू शकतं. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात एमआर दिल्यानंतर तीन बालकं गेली आणि लस हाताळण्यातल्या चुकांकडे बोट दाखवलं गेलं. "दोनच डोस उरलेत, उद्या त्या वस्तीवर वापरू" हा विचार मनात आला की ही गोष्ट आठवा. पेंटा, टीडी, पीसीव्ही, पोलिओ, हिपॅटायटीस बी यांच्या उघडलेल्या कुपीवर तारीख आणि वेळ टाकून, व्हीव्हीएम ठीक असेल आणि शीतसाखळी सांभाळलेली असेल, तर २८ दिवसांपर्यंत चालतात. हे दोन नियम एकमेकांत मिसळणं ही दुसरी मोठी चूक.

नऊ महिन्यांच्या बाळाचं कार्ड बंद करण्याआधी मी अजूनही बोटं मोजते: दोन दंड, एक मांडी, एक तोंड.

दिल्यानंतर. बाळाला अर्धा तास थांबवा. आयांना घाई असते, शेतावर जायचं असतं, तरी थांबवा. निघताना चार गोष्टी सांगा: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचं, पुढची तारीख, आणि हे कार्ड सांभाळून पुढच्या वेळी आणायचं. आईकडून पुढची तारीख परत वदवून घ्या.

तपासा: ॲनाफिलॅक्सिसचं (लशीनंतरच्या तीव्र ॲलर्जीचं) किट सत्राच्या आधी उघडून पाहा. ॲड्रेनॅलिनची मुदत संपलेली नाही ना? वयानुसार मात्रेचा तक्ता आत आहे का? जवळच्या केंद्राचा आणि १०८ चा फोन लागतो का, की त्या वाडीवर रेंजच नाही?

टप्पा ७: दारात उभं राहणं

रुग्णालयातून परतलेल्यांना हे जड जातं. वॉर्डात पेशंट तुमच्या जागेत असतो, इथे तुम्ही त्याच्या घरात. जाण्याआधी आशाताईंना फोन करा, त्यांच्यासोबत जा. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. त्या घराची माहिती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त असते. लोकांसमोर त्यांची चूक काढलीत तर पुढच्या महिन्यात तुमची ड्यू लिस्ट अर्धी येईल.

भेटीचा क्रम: हात धुवा, आधी बाळ मग आई (बाळ झोपेत असतानाच श्वास मोजता येतो), मग बोलणं. सल्ला एका भेटीत दोनच. अंगावर पाजणं आणि उब हे पहिल्या भेटीत, बाकी नंतर. कुपोषणाची शंका आली तर सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजा, ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर थांबू नका. जुलाब असतील तर ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, आणि झिंक १४ दिवस. जुलाब थांबले तरी झिंक थांबवायचं नाही, हे आईला दोनदा सांगा.

अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी आढळली तर गोष्ट घरातल्या घरात मिटवायला कुणी सांगेल. पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने) कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. मुलीचं नाव मात्र गावात तुमच्या तोंडून जाता कामा नये.

टप्पा ८: मोबाइल आणि रजिस्टर

पूर्वी रजिस्टर एकच होतं. आता लसीकरणाची नोंद यू-विनवर, क्षयरुग्णाची निक्षयवर, माता-बालांची आरसीएच पोर्टलवर, तीस वर्षांवरच्यांची एनसीडीच्या (असंसर्गजन्य आजारांच्या) ॲपमध्ये, आणि लशींचा साठा ई-विनवर. सगळं महिनाभरात येतं, पण त्यासाठी हाताशी बऱ्यापैकी फोन हवा आणि मराठी टंकलेखनाचा सराव हवा. घरी बसून रोज वीस नावं-पत्ते टंकित करा. ओटीपी मागताना बाईचा फोन नवऱ्याकडे, नवरा शेतात, हे रोजचं आहे, म्हणून आशाताईंकडून आदल्या दिवशी निरोप द्या.

थांबा: काम न होताच "आज पूर्ण" असं भरून टाकायचा दबाव येईल. न दिलेला डोस दिलेला दाखवू नका. ते बाळ मग कुणाच्याच यादीत उरत नाही.

टप्पा ९: आता अर्ज

इथपर्यंत आलात तरच. जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत पद "आरोग्य परिचारिका" किंवा "आरोग्य सेवक (महिला)" असं लिहिलेलं असतं. "एएनएम" शोधत बसलात तर सापडणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं आणि महापालिकांची पदं वेगळ्या जाहिरातीत निघतात, बऱ्याचदा थेट मुलाखतीने. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद वेगळं. त्याची शैक्षणिक पात्रता जाहिरातीतून शब्दशः वाचा, एएनएमच्या जोरावर ते मिळत नाही.

मुलाखतीत खंडाचं कारण एका वाक्यात सांगा, माफीच्या सुरात नको. "सासूबाईंची सेवा करत होते, मागच्या पाच महिन्यांत नोंदणी चालू केली, अमुक सत्रं पाहिली" इतकं पुरे. सोबत ती दुमडलेल्या पानांची वही न्या. मी नेली होती. समितीतल्या एका डॉक्टरांनी ती दोन मिनिटं चाळली आणि पुढचे प्रश्न त्यातूनच विचारले.

टप्पा १०: पहिले तीन महिने

पहिली तीन सत्रं दुसऱ्या सिस्टरच्या जोडीने करायला मिळावीत, अशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना रुजू होतानाच विनंती करा. नंतर मागितली तर ती तक्रार वाटते. "आमच्या वेळी असं होतं" हे वाक्य जिभेवर आलं की गिळा. दर शनिवारी राहून गेलेल्या मुलांची यादी काढा: नाव, वाडी, कोणता डोस, का राहिला. पहिला पगार उशिरा येईल असं धरून घरखर्च आखा, आणि स्कूटीच्या पेट्रोलचा हिशोब पहिल्याच दिवसापासून तारीखवार लिहून ठेवा. प्रवासभत्त्याचं बिल भरायला बसाल तेव्हा मागच्या महिन्यातली वाडी आठवत नाही.